ओलेड डिस्प्लेवर जुन्या अक्षरांची छाप राहते, पॅनेल बदललं तरी वर्षभरात परत तेच: कारण आणि उपाय

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर. त्यावर ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले, १२८ बाय ६४ पिक्सेल, एसएसडी१३०६ ड्रायव्हर (पिक्सेल पेटवणारी चिप). वर्ष-सव्वा वर्ष झालं की आकडे पुसट होतात आणि मजकूर बदलला तरी मागे जुन्या अक्षरांची सावली दिसत राहते. डिस्प्ले बदलला की दहा-अकरा महिने सगळं छान, मग पुन्हा फोन. पुण्यात सिंहगड रोडच्या एका सोसायटीत चौथा डिस्प्ले बसवायची वेळ आली तेव्हा कुठे मी या प्रकरणाकडे नीट बघितलं. पहिले दोन मी ‘माल खराब’ म्हणून फेकून दिले होते आणि तापकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून मॉड्यूल आणतो त्याच्याशी भांडूनही आलो होतो. त्याची काही चूक नव्हती. नंतर चहा पाजला, तो विषय वेगळा.

घाईत असाल तर उत्तर असं: कोणी बघत नसताना डिस्प्ले झोपवा, ब्राइटनेस उतरवा, आणि कायम एकाच जागी पेटणारं जे काही स्क्रीनवर असेल ते काढा किंवा हलवा. नुसतं पॅनेल बदलून हा आजार जात नाही, कारण नव्या पॅनेललाही तुम्ही तेच चित्र चोवीस तास दाखवणार आहात.

आधी हे बर्न-इनच आहे का ते बघा

बर्न-इन म्हणजे जास्त पेटलेले पिक्सेल थकून उठलेली कायमची छाप. याची परीक्षा एका कमांडची आहे. ड्रायव्हरला हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) ए५ पाठवा. रॅममध्ये काहीही असो, सगळे पिक्सेल पेटतात. खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा कॅमेरा मॅन्युअल मोडवर घेऊन एक्स्पोजर कमी करा आणि फोटो काढा. पूर्ण उजळलेल्या पाटीवर काळपट अक्षरं वाचता आली तर ते बर्न-इन. आमच्या फोटोत ‘पंप’ हा शब्द इतका स्वच्छ वाचता येत होता की सेक्रेटरी काका म्हणाले, बंद असताना पण दाखवतोय की! मग हेक्स ए४ पाठवून नेहमीच्या चित्रावर परत या.

बर्न-इनसारखी दिसणारी चार-पाच दुखणी आहेत, त्यांचा उपाय वेगळा.

ज्या ओळीत जास्त पिक्सेल पेटलेत ती शेजारच्या ओळींपेक्षा मंद दिसते आणि चित्र बदललं की फरक त्या क्षणी गायब होतो? ते भाराचं काम आहे. एका ओळीचे सगळे पिक्सेल त्या ओळीच्या एकाच वाटेने करंट ओढतात, आणि मॉड्यूलवरचा चार्ज पंप (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) जेमतेम साडेसात व्होल्टच्या आसपास देतो. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर कमकुवत असेल तर अख्खी स्क्रीन बसते. पॅनेलला दोष देऊ नका.

काळे ठिपके, किंवा कडेकडून आत सरकत येणारी काळी किनार असेल तर आत ओलावा शिरलाय. कंट्रोलर कपाटात बंद पडून असला तरी हे वाढतं. पावसाळ्यात पंपरूममध्ये असा एखादा सापडतोच. सॉफ्टवेअरने याचं काही होत नाही.

एक अख्खी आडवी किंवा उभी ओळ गेली असेल तर काचेला चिकटवलेल्या फ्लेक्स पट्टीचा जोड सुटलाय. आणि १.३ इंची मॉड्यूल आणून बसवलं आणि काठावर दोन कॉलमभर कचरा दिसतोय, तर त्यात बहुधा एसएच११०६ हा वेगळा ड्रायव्हर आहे. त्याची रॅम १३२ कॉलमची, काच १२८ ची. लायब्ररी (डिस्प्ले चालवणारा तयार कोड) बदला, झालं.

मला चकवणारी आडवी रेघ

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट. दुसऱ्या डिस्प्लेची तक्रार आली तेव्हा अक्षरांच्या सावलीपेक्षा ठळक दिसत होती ती एक आडवी काळपट रेघ, वरून पाचव्या-सहाव्या ओळीत. मी बघताक्षणी निकाल दिला: ओळीचा जोड गेला, पॅनेल बदला. बदललं. वर्षाने नव्या पॅनेलवर त्याच जागी तशीच रेघ.

तिसऱ्या वेळी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये भिंग घेऊन बसलो आणि कॉलम मोजले. रेघ डाव्या काठापासून सुरू होत होती आणि नव्वदाव्या कॉलमच्या आसपास थांबत होती. जोड गेला असता तर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली असती. नव्वदाला कोण थांबेल? शिवाय मध्ये दोन-तीन ठिकाणी ती जराशी उजळ होती.

ती शिरोरेषा होती.

वॉचमन काकांना वाचता यावं म्हणून मी स्क्रीन मराठीत ठेवली होती. वरच्या ओळीत स्थिती येते: ‘पंप चालू’, ‘पंप बंद’, ‘टाकी भरली’, ‘पाणी नाही’. शब्द बदलतात, म्हणून मला वाटलं ही ओळ सुरक्षित आहे, खालची ‘टाकी’ ही कायमची पाटीच काय ती धोक्याची. पण चारही मजकूर डावीकडून सुरू होतात आणि चारही शब्दांची शिरोरेषा त्याच दोन ओळींत बसते. खालची अक्षरं आलटून-पालटून पेटली म्हणून त्यांची सावली फिकट, सरमिसळ झालेली. वरची रेघ मात्र दिवसरात्र पेटलेली. जी जागा उजळ दिसत होती ती दोन शब्दांमधली फट, जी प्रत्येक मजकुरात थोडी इकडेतिकडे सरकते.

रोमन अक्षरांत हे इतकं होत नाही, तिथे प्रत्येक अक्षराचे पिक्सेल वेगवेगळ्या जागी पेटतात. त्यामुळे इंटरनेटवर बर्न-इनवर वाचायला मिळतं ते सगळं घड्याळाचे आकडे, बॅटरीचं चिन्ह आणि कंपनीचा लोगो याभोवती फिरतं. देवनागरीत स्क्रीन बनवणाऱ्याने हा जास्तीचा धोका लक्षात ठेवावा, मजकूर बदलता ठेवला म्हणून सुटलो असं समजू नये.

असं का होतं?

‘बर्न’ हा शब्द फसवा आहे, आत काही जळत नाही. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा असतो. सेंद्रिय थरातून करंट गेला की तो उजळतो, आणि उजळता उजळता त्यातले काही रेणू कायमचे बिघडतात. तेवढ्याच करंटला पुढे कमी उजेड मिळतो. जो पिक्सेल जास्त तास पेटला तो जास्त थकला, शेजारचा ताजा राहिला. आपल्याला दिसते ती सावली म्हणजे या दोघांतला फरक. एलसीडीत उजेड मागच्या एकाच बॅकलाइटचा असतो, तो म्हातारा झाला तर सगळी स्क्रीन सारखीच मंद होते.

१९८७ साली कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दहा व्होल्टच्या आत चालणारा ओलेड दाखवला, तो हिरवा होता. निळ्याचं दुखणं तेव्हापासून आजपर्यंत चालूच आहे. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते आणि तीच ऊर्जा रेणू तोडायलाही पुरते, म्हणून निळा सगळ्यात आधी थकतो. पांढरं पॅनेल जुनं झाल्यावर पिवळसर वाटतं ते याचमुळे. एकरंगी स्क्रीन चालणार असेल तर पिवळी किंवा हिरवी घ्या, ‘क्लासी दिसते’ म्हणून निळी घेऊ नका. मी घेतली होती.

आपली छोटी मॉड्यूल पॅसिव्ह मॅट्रिक्स असतात. एका वेळी ६४ पैकी एकच ओळ पेटते, म्हणजे प्रत्येक ओळीला वेळेचा चौसष्टावा भाग मिळतो. डोळ्याला १०० एकक उजेड दिसावा म्हणून पिक्सेलला त्या क्षणापुरतं ६,४०० एककांनी चमकावं लागतं. मोबाइलच्या ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेलमागे स्वतःचे ट्रान्झिस्टर असतात. तिथे झीज ओळखून भरून काढायची सोय करता येते. या दीड-दोनशे रुपयांच्या मॉड्यूलमध्ये असलं काही नाही.

डेटाशीटमधल्या आयुष्याच्या आकड्याने मात्र पुष्कळ लोक फसतात. तो सहसा उजेड निम्म्यावर यायला लागणाऱ्या तासांचा असतो, ठरावीक ब्राइटनेसला, बऱ्याचदा अर्धे पिक्सेल पेटलेल्या बुद्धिबळाच्या पटासारख्या चित्रावर, साधारण २५ अंश तापमानाला. हिशेबापुरते १०,००० तास धरा. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे चोवीस तास पेटणारा पिक्सेल चौदाएक महिन्यांत अर्धा झाला. पण सावली दिसायला अर्ध्यापर्यंत जावंच लागत नाही. दोन शेजारच्या पिक्सेलमध्ये काही टक्के फरक पडला की डोळ्याला कड दिसते. अगदी सरळ रेषेत घट धरली तरी पाच टक्के घट हजार तासांत, म्हणजे बेचाळीस दिवसांत. प्रत्यक्षात सुरुवातीची घट त्याहून वेगाने होते. ग्राहकाला ती वर्षाने दिसते कारण पंपरूममध्ये जाऊन कोणी भिंग लावत नाही.

उष्णतेने हे सगळं आणखी लवकर होतं. आमच्या डब्यात डिस्प्लेच्या बरोबर खाली ट्रान्सफॉर्मर होता, आणि डबा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मे महिन्यात दुपारी आत थर्मोमीटर ठेवला तर ५५ अंश. नव्या डब्यात डिस्प्ले खाली आणि ट्रान्सफॉर्मर वर नेला. गरम हवा वर जाते हे शाळेतलं ज्ञान, पण डब्याचं भोक आधी पाडलेलं असतं ना.

काय केलं

सर्वात मोठा फायदा झोपवण्याने होतो, बाकी सगळं त्याच्या मागे. हेक्स एई पाठवली की डिस्प्ले बंद, मॉड्यूलमधला ड्रायव्हर दहा मायक्रोअँपच्या आत येतो आणि रॅममधलं चित्र तसंच राहतं. हेक्स एएफ पाठवली की परत चालू. वॉचमन काका दिवसातून वीसेक वेळा बघतात, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट धरा. दहा मिनिटं झाली. दिवसाची मिनिटं १,४४०. म्हणजे एका फटक्यात झीज एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शावर. गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा रात्रीपर्यंत आणि शुक्रवारी सकाळी कमी दाबाच्या वेळी अख्खी सोसायटी येऊन बटण दाबून जाते, तेही धरलं तरी हिशेब फारसा बिघडत नाही.

अडचण वेगळीच आली. स्क्रीन काळी दिसली की फोन: साहेब, मशीन बंद पडलंय. पहिल्या आठवड्यात तीन वेळा भोसरीहून सिंहगड रोडला गेलो, तेही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. मग दर तीन सेकंदांनी लुकलुकणारा एक हिरवा एलईडी लावला आणि बटणाशेजारी ‘बघण्यासाठी दाबा’ अशी पट्टी चिकटवली. फोन थांबले. त्याआधी माणूस आल्यावर स्क्रीन आपोआप जागी करणारा पीआयआर सेन्सर लावून पाहिला होता. रात्री पंपरूममध्ये झोपायला येणारी मांजर त्याची मुख्य लाभार्थी ठरली.

ब्राइटनेसच्या बाबतीत एक गोष्ट सांगायला हवी, कारण बरेच जण तिथे अडकतात. कॉन्ट्रास्टची कमांड हेक्स ८१, किंमत ० ते २५५. चिप सुरू झाली की ती १२७ ला असते, पण अ‍ॅडाफ्रूट या कंपनीची लायब्ररी याच मॉड्यूलसाठी ती हेक्स सीएफ, म्हणजे २०७ करते. उदाहरणाचा कोड तसाच्या तसा उचलला की तुम्ही नकळत जोरात चालवत असता. मी २०७ वरून २० वर आणलं आणि अपेक्षेइतका फरक पडेना. कारण पिक्सेलला मिळणाऱ्या चार्जमध्ये कॉन्ट्रास्टच्या करंटबरोबर प्री-चार्जचाही (पिक्सेल पेटवण्याआधी दिला जाणारा चार्ज) वाटा असतो. ती कमांड हेक्स डी९, आणि लायब्ररी तिथे एफ१ लिहिते, म्हणजे प्री-चार्जचा दुसरा टप्पा कमाल पंधरा क्लॉक. तिथे हेक्स ११ लिहा आणि सोबत हेक्स डीबी या कमांडला ० द्या, मग कॉन्ट्रास्टचा काटा खरंच फिरतो. पंपरूमच्या अंधारात एवढा उजेड पुरून उरतो. ब्राइटनेस निम्मा केला तर आयुष्य दुप्पट नाही, साधारण पावणेतीन ते चारपट वाढतं, कारण झीज उजेडाच्या दीड ते दोन घाताने चालते.

मग पिक्सेल सरकवणं. सगळे सांगतात की दर मिनिटाला चित्र एक पिक्सेल हलवा. आमचे टक्केवारीचे मोठे आकडे ३२ पिक्सेल उंच आहेत, त्यांची काठी पाच पिक्सेल जाड. ती एक पिक्सेल सरकवली तर पाचपैकी चार कॉलम पूर्वीसारखेच पेटलेले राहतात. छाप उठतेच, फक्त तिच्या कडा मऊ होतात. सरकवणं उपयोगी पडायचं तर ते काठीच्या जाडीपेक्षा जास्त हवं. शिरोरेषा दोन पिक्सेल जाड म्हणून तिथे हे सोपं गेलं: दर वेळी स्क्रीन जागी होताना वरची ओळ पाचपैकी एका उंचीवर येते, दोन-दोन पिक्सेलच्या अंतराने. झीज दहा ओळींत वाटली गेली, प्रत्येकीच्या वाट्याला पाचवा हिस्सा. उभं सरकवायला हेक्स डी३ ही एकच कमांड पुरते, पुन्हा चित्र पाठवावं लागत नाही. पण खालून बाहेर पडलेली ओळ वरून आत येते, म्हणून चित्रात तेवढ्या ओळी कोऱ्या सोडा.

मजकुरात कात्री लावली ती आनंदाने. भोवतीची चौकट गेली, आमचं नाव गेलं (सुरू होताना दोन सेकंद येतं, पुरे), ‘टाकी’ ही पाटी पडद्यावरून काढून डब्यावर स्क्रीन प्रिंट केली. शाई थकत नाही.

हे करून वेळ घालवू नका

चित्र उलटं करणं, म्हणजे अर्धा वेळ हेक्स ए७ लावून काळ्याचं पांढरं. झीज सारखी होते हे खरं. पण ज्या स्क्रीनवर दहा टक्के पिक्सेल पेटत होते तिथे आता निम्मा वेळ नव्वद टक्के पेटणार. सावली टाळण्यासाठी सगळी स्क्रीनच म्हातारी करायची आणि वर चार्ज पंपाचा घाम काढायचा.

मोबाइलसाठी मिळणारी ‘बर्न-इन घालवा’ छापाची रंग लुकलुकवणारी ॲप. बिघडलेले रेणू रंग बघून बरे होत नाहीत. काही मिनिटांत आपोआप जाणारी तात्पुरती सावली असेल तर ती ॲपशिवायही जाते.

घरच्या ओलेड टीव्हीबद्दल विचारणा होते म्हणून एवढंच: काही तास वापर झाल्यावर टीव्ही रिमोटने बंद केला की तो स्टँडबायमध्ये स्वतःची झीज मोजून भरपाई करतो. आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त असते. तसं केलं तर त्या बिचाऱ्याला ते काम करायला मिळतच नाही.

आणि ज्या यंत्रावर ठरलेला मजकूर चोवीस तास दिसायलाच हवा, झोपवायची परवानगीच नाही, तिथे ओलेड लावू नका. लाल सेव्हन-सेगमेंट किंवा साधा एलसीडी लावा. पिंपरीतल्या एका ग्राहकाला भट्टीच्या तापमानाचा आकडा सतत हवा होता, तो ओलेडच्या देखणेपणावर अडून बसला. मी नाही म्हटलं, ऑर्डर दुसरीकडे गेली.

एकदा उठलेली छाप पुसता येते का हे मीही करून पाहिलं. तिसरं पॅनेल फेकलं नव्हतं. त्याच्या छापेचं बरोबर उलटं चित्र बनवलं, म्हणजे थकलेले पिक्सेल बंद आणि ताजे पेटलेले, आणि कॉन्ट्रास्ट २५५ वर लावून बाकावर सोडून दिलं. तत्त्व बरोबर आहे, ताज्यांना थकवून थकलेल्यांच्या बरोबरीला आणायचं. पण जी झीज व्हायला आठ-नऊ हजार तास लागले ती भरायला तसेच हजारो तास लागणार, आणि शेवटी हाती येणार एकसारखं मंद पॅनेल. आज एकोणीस दिवस झाले. अक्षरं थोडी विरघळली आहेत, शिरोरेषा अजून नव्वदाव्या कॉलमपर्यंत स्पष्ट दिसते.